कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार: रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

ओपीडीत हे रोज घडतं. समोरची व्यक्ती पिशवीतून चार घड्या घातलेला लॅबचा कागद काढते, टेबलावर तळहाताने सपाट करते आणि ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवते. "डॉक्टर, हे वाढलंय म्हणतात. पण मला तर काहीच होत नाही." कोलेस्टेरॉलची खरी अडचण हीच आहे. ते दुखत नाही, ताप आणत नाही, भूक मारत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमची औषधं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे यातून कळेल.

कोलेस्टेरॉल शरीराला हवं तरी कशाला?

त्याच्याशिवाय आपण जगूच शकत नाही. हा मेणासारखा पदार्थ प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो. ड जीवनसत्त्व, पित्तातली आम्लं, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे सगळं त्यापासूनच तयार होतं. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. म्हणूनच "मी तर काही तेलकट खातच नाही, मग वाढलं कसं?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ताटात सापडत नाही.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. प्रथिनांच्या छोट्या कणांत भरूनच ते इकडून तिकडे जातं. एलडीएल (ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) आणि एचडीएल (ज्याला चांगलं म्हणतात) ही या कणांची नावं आहेत, कोलेस्टेरॉलचे दोन वेगळे प्रकार नव्हेत.

एलडीएल धमनीत जाऊन नेमकं काय करतं?

धमनीच्या आत एक अतिशय पातळ अस्तर असतं. रक्तात एलडीएलचे कण जास्त असले की त्यांतले काही या अस्तरातून आत शिरतात आणि भिंतीत अडकून बसतात. तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात. शरीर त्यांना कचरा समजतं आणि पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात. गिळून गिळून त्या चरबीने फुगतात, सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात, आणि शेवटी तिथेच मरतात. या मेलेल्या पेशी, चरबी, सूज आणि वरून धरलेली तंतुमय साय मिळून जो थर होतो त्याला प्लाक म्हणतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत असेच थर तयार करून दाखवले होते.

लोकांच्या मनात तुंबलेल्या नळाचं चित्र असतं: थर वाढत गेला, नळ बंद झाला, अटॅक आला. बहुतेक वेळा तसं होत नाही. प्लाकवरची साय एखाद्या दिवशी फाटते, आतला मालमसाला रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत त्यावर रक्ताची गुठळी धरते. धमनी बंद करते ती ही गुठळी. फाटणारा प्लाक फार मोठा असतोच असं नाही. चाळीस टक्के अडथळा असलेल्या जागीही हे घडतं, आणि इतका अडथळा जिना चढताना जाणवतसुद्धा नाही. "मला कधी काही त्रास नव्हता" असं अटॅकनंतर सांगणारे रुग्ण खरंच बोलत असतात.

मग हे कुठल्या वयात सुरू होतं?

आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय २२ होतं. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या.

या संपूर्ण पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: धमनीचं नुकसान नुसत्या आजच्या आकड्यावर ठरत नाही, तो आकडा किती वर्षं तसाच राहिला यावरही ठरतं. व्याजाचा हिशेब मुद्दल आणि मुदत दोन्ही धरून होतो, तसंच हेही आहे. याचा भक्कम पुरावा २००६ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतल्या काही कृष्णवर्णीय सहभागींच्या पीसीएसके९ नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड होता, आणि त्या बिघाडामुळे त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी राहत होतं. १५ वर्षांत त्यांच्यातलं हृदयविकाराचं प्रमाण इतरांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी निघालं. चाळिशी-पन्नाशीनंतर गोळ्या घेऊन एलडीएल तेवढंच उतरवलं तर पहिल्या काही वर्षांत मिळणारा फायदा साधारण पाव भागाचा असतो. उतार तेवढाच, पण तो लहानपणापासून मिळाला की धमनीला मिळणारा फायदा कितीतरी मोठा होतो.

रिपोर्टमध्ये इतके आकडे असतात. पाहायचं कुठल्याकडे?

आधी एलडीएल, मग नॉन-एचडीएल. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत छापलेला एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा पाहिला तर दिशाभूल करतो. दोन कागद शेजारी ठेवू. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

पहिल्या कागदावर एकूण २१०, एचडीएल ७५, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) ८०. दुसऱ्यावर एकूण १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २००. पहिल्याच्या एकूण आकड्यापुढे लॅबने "जास्त" असा शिक्का मारला आहे आणि दुसऱ्याच्या आकड्यापुढे काहीच नाही. आता फ्रिडेवाल्ड यांनी १९७२ मध्ये दिलेलं सूत्र लावा: एकूणमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करा. पहिल्याचं एलडीएल ११९ येतं, दुसऱ्याचं ११८. म्हणजे दोघं सारखेच! पण एकूणमधून फक्त एचडीएल वजा केलं की मिळणारा नॉन-एचडीएलचा आकडा पहिल्याचा १३५ आणि दुसऱ्याचा १५८ आहे. धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात मोजलं जातं. काळजी करायची ती दुसऱ्याची, ज्याच्या एकूण आकड्यापुढे लॅबने काहीच खूण केलेली नाही.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. काही देशांत आकडे मिलिमोलमध्ये येतात, त्यांतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना ३८.७ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात (ट्रायग्लिसराइडला हा गुणक चालत नाही).

एलडीएल किती असलं म्हणजे नॉर्मल?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते, तिला तुमचा इतिहास माहीत नसतो. युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्यांना अटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, शिवाय मूळ आकड्यापेक्षा निदान निम्मं. जास्त धोका असलेल्यांनी ७० च्या खाली, मध्यम धोक्याच्या लोकांनी १०० च्या खाली आणि कमी धोक्याच्या लोकांनी ११६ च्या खाली ठेवावं. म्हणजे ९५ हा आकडा तिशीतल्या निरोगी माणसाला उत्तम, आणि तोच स्टेंट घातलेल्या माणसाला अपुरा.

डॉक्टरांना थेट विचारा: "माझ्यासाठी किती हवं?" उत्तर आकड्यातच मागा.

तपासणीला उपाशीपोटीच जायला हवं का?

पहिल्या तपासणीला बहुतेकांना गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार जास्त निघालं तर मग उपाशीपोटी पुन्हा करावी लागते. नुकताच मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा गंभीर आजार झाला असेल तर काही आठवडे थांबा, आजारपणात एलडीएल खोटंच कमी दिसतं.

चांगलं कोलेस्टेरॉल वाढवलं तर वाईटाचा हिशेब फिटतो का?

नाही फिटत. पुरुषांत एचडीएल ४० च्या खाली आणि स्त्रियांत ५० च्या खाली असणं ही धोक्याची खूण आहे, हे खरं. पण औषधाने ते वाढवून अटॅक टळतात का, हे अनेकदा तपासून झालं आणि निराशाच पदरी पडली. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, पण घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, म्हणून २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. "माझं एचडीएल ७० आहे, एलडीएल १७० असलं तरी काय झालं" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी सांगते, एचडीएल बाजूला ठेवा आणि १७० बद्दल बोलू.

मी सडपातळ आहे, रोज चालतो, तरी एलडीएल २१०. असं कसं?

१९० च्या वर गेलेलं एलडीएल दिसलं की आधी आनुवंशिकतेचा विचार करायचा. आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया साधारण २५० जणांत एकाला असतो, म्हणजे हा काही फार दुर्मीळ आजार नाही. यात यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत, त्यामुळे रक्तातलं एलडीएल उचललंच जात नाही. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

घोट्याच्या मागची जाड शीर, म्हणजे टाचेकडे जाणारा स्नायुबंध, बोटांच्या चिमटीत धरून पाहा. काही रुग्णांत तो गाठाळ, जाडजूड लागतो. कमी वयात बुबुळाभोवती पांढरट कडं दिसणं हीही एक खूण. घरात पुरुषाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर संशय आणखी बळावतो. अशा घरात एकाचं निदान झालं की आई-वडील, भावंडं आणि मुलं सगळ्यांची तपासणी करायची, अगदी शाळकरी मुलांचीही. पथ्य कमी पडलं म्हणून हे झालेलं नसतं, त्यामुळे कुणी स्वतःला दोष देऊ नये. पण पथ्याने ते पूर्ण आटोक्यातही येत नाही, औषध लागतंच.

निदान पक्कं करण्याआधी थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत तपासून घ्यावं. थायरॉइड मंदावल्यामुळे वाढलेलं एलडीएल थायरॉइडच्या उपचाराने उतरतं.

लायपोप्रोटीन (ए) ही कसली तपासणी?

एलडीएलसारखाच, पण एक जादा प्रथिन चिकटलेला हा कण आहे. त्याचं प्रमाण जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतं आणि आयुष्यभर फारसं बदलत नाही, म्हणून ही तपासणी एकदाच केली तरी पुरते. साधारण पाचांतल्या एकाचं ते ५० मिलिग्रॅमच्या वर असतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा आकडा येत नाही, वेगळा मागावा लागतो. जास्त निघालं तर बाकीच्या सगळ्या गोष्टी, एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू, अधिक कडकपणे सांभाळायच्या.

अंडं खायचं की नाही?

बहुतेकांना दिवसाला एक अंडं चालतं. एका पिवळ्या बलकात जवळपास १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या एलडीएलवर होणारा परिणाम बहुतेकांत माफक असतो. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतली दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली गेली. मधुमेह असेल किंवा एलडीएल खूप जास्त असेल तर बलकाचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा. खरं लक्ष द्यायचं ते अंड्याबरोबर ताटात काय आहे याकडे: लोण्याची ढेप, चरबीचं मांस, बेकरीचे पदार्थ.

मग आहारात नेमकं काय बदलायचं?

एलडीएल वाढवण्यात सर्वांत मोठा हात संतृप्त चरबीचा. ती खाल्ली की यकृत आपले एलडीएल पकडणारे रिसेप्टर कमी करतं आणि कण रक्तातच फिरत राहतात. लोणी, साय, चीज, मांसावरची चरबी, पाम तेल, खोबरेल तेल यांत ती भरपूर असते. खोबरेल तेलाच्या आरोग्यगुणांबद्दल बरंच बोललं जातं, पण त्यातली ८० टक्क्यांहून अधिक चरबी संतृप्त असते आणि ते एलडीएल वाढवतं.

"कमी करा" एवढंच सांगून भागत नाही, त्याऐवजी काय घ्यायचं तेही ठरवावं लागतं. लोण्याच्या जागी साखर आणि मैदा आला तर फायदा शून्य, उलट ट्रायग्लिसराइड वाढतं. त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह अशी तेलं, बदाम-अक्रोड, मासे, कडधान्यं आली तर एलडीएल खरंच उतरतं. तेल कुठलंही असो, ते मापून घाला. बाटली तिरकी करून ओतताना चमच्यांचा अंदाज नेहमी चुकतो.

ट्रान्स फॅट मात्र अजिबात नको. वनस्पती तेल अर्धवट हायड्रोजनेशन करून घट्ट केलं की ती तयार होते, आणि ती एलडीएल वाढवते, एचडीएलही घटवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती जगभरातल्या अन्नातून हद्दपार करायचं आवाहन केलं. पाकिटाच्या मागे घटकांची यादी बारीक अक्षरांत असते, ती वाचा. "अंशतः हायड्रोजनेटेड" हे शब्द दिसले की पाकीट परत ठेवा.

विरघळणारा तंतुमय भाग हा आहारातला गुणी घटक. ओट्स, बार्ली, कडधान्यं, सफरचंद, इसबगोल यांतून तो मिळतो. आतड्यात तो पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते मग रक्तातून उचललं जातं. दिवसाला ५ ते १० ग्रॅम मिळाला तर एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी उतरतं. आकडा छोटा वाटेल, पण अशा तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की फरक कागदावर दिसतो. कॉफी पीत असाल तर कागदाच्या फिल्टरमधून गाळलेली बरी. न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीतला कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतो.

व्यायामाने एलडीएल उतरतं का?

थोडंसंच. हे मी स्पष्ट सांगते, कारण तीन महिने नेटाने चालून रिपोर्ट जेमतेम हलला की लोक खट्टू होऊन चालणंच सोडतात. व्यायामाचं काम वेगळ्या रकान्यांत दिसतं: ट्रायग्लिसराइड उतरतं, बीपी उतरतं, साखर सुधारते, पोटाचा घेर कमी होतो, आणि हृदयाची ताकद वाढते, जी कुठल्याच रक्ततपासणीत छापून येत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी मला खरंच हवी का?

अटॅक, स्टेंट, पक्षाघात होऊन गेला असेल, एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा चाळिशीनंतर मधुमेह असेल, तर जवळपास नेहमीच हो. बाकीच्यांत वय, बीपी, तंबाखू, साखर, घरचा इतिहास असं सगळं मोजून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतात आणि मग ठरवतात. आकडा काठावर असेल तर आधी तीन महिने आहार-व्यायाम करून पाहणं योग्यच आहे. फक्त ते तीन महिने तीन वर्षं होऊ देऊ नका.

ही औषधं बुरशीतून सापडली. जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी सुमारे ६००० बुरशींची तपासणी करून १९७३ मध्ये त्यांतल्या एकीतून कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया रोखणारं द्रव्य शोधलं. पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ मध्ये वापरात आलं. तरीही शंका होत्याच, त्या मिटल्या १९९४ मध्ये. हृदयविकार असलेल्या ४४४४ जणांवर स्कँडिनेव्हियात चाचणी झाली आणि सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळलं. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून असं दिसतं की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरवलं की अटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे पाव भागाने कमी होतात.

रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. असे कागद माझ्यासमोर कितीतरी आले आहेत: गोळीआधी १६८. दोन महिन्यांनी ८२. मग मधल्या काळात कुणीतरी म्हणालं, "नॉर्मल आहे की, कशाला घेतेस?" पुढचा कागद एकदम दीड वर्षाचा, १६५. गोळी बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांत यकृत पुन्हा पूर्वीइतकंच कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. ८२ हा आकडा गोळीमुळे आलेला होता. बीपीच्या किंवा थायरॉइडच्या गोळीसारखीच ही रोजची गोळी आहे. याचा अर्थ ती व्यसन लावते असा नाही.

वजन बरंच उतरलं, मूळ कारण दूर झालं, तर डोस कमी करता येतो. तो डॉक्टरांनी करायचा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासणी करा, मग वर्षातून एक-दोनदा.

गोळीने स्नायू दुखतात, यकृत बिघडतं असं ऐकलंय.

स्नायूदुखी खरी असते, पण तिचं कारण दर वेळी गोळी नसते. २०२० मध्ये एक सुंदर चाचणी झाली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि रोज त्रासाची नोंद. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जितका त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, पण तो गोळी घेतोय या धास्तीतून येत होता. स्वतःचे आलेख पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तरीही दोन्ही मांड्या किंवा दंड सारखे दुखत असतील, खुर्चीतून उठताना जोर मिळत नसेल, तर सांगा. लघवी गडद तपकिरी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तो स्नायू विरघळण्याचा दुर्मीळ पण गंभीर प्रकार असू शकतो. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर किंचित वर सरकू शकते, पण हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि ग्रेपफ्रूटचा रस काही स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी बोला, त्या काळात ती सहसा थांबवतात.

लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल चालेल का त्याऐवजी?

स्वयंपाकात खुशाल वापरा. औषध म्हणून नको. २०२२ मध्ये रोसुवास्टॅटिनची अगदी छोटी, ५ मिलिग्रॅमची गोळी आणि या कॅप्सूल २८ दिवस समोरासमोर तपासल्या. गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल यांत आणि खोट्या गोळीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये तर लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त त्याचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं.

जास्तीत जास्त डोस घेऊनही एलडीएल उतरत नाही.

आधी गोळी खरोखर रोज पोटात जाते का ते पाहू. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं. त्यापेक्षा जोडीला इझेटिमाइब दिलं तर सुमारे २० टक्के उतार मिळतो, ते आतड्यातून होणारं शोषण रोखतं. त्यापुढे २०१५ पासून वापरात असलेली पीसीएसके९ विरोधी इंजेक्शनं आहेत. तेच ते जनुक, ज्याच्या जन्मजात बिघाडाने काही लोक सुरक्षित राहिले होते. ही इंजेक्शनं एलडीएल निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त उतरवतात.

फक्त कोलेस्टेरॉल सांभाळलं की झालं?

नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतल्या अभ्यासात नऊ गोष्टींनी पहिल्या अटॅकचा बहुतेक धोका ठरतो असं दिसलं. त्यांत धूम्रपान आणि चरबीचं बिघडलेलं गणित सर्वांत वर होतं, पाठोपाठ मधुमेह, बीपी, पोटाचा घेर, मानसिक ताण. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. इतक्या झपाट्याने काम करणारी गोळी माझ्याकडे नाही. बीपी घरी मोजा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून.

अटॅक येऊ नये म्हणून रोज ॲस्पिरिन घ्यावी का?

स्टेंट, बायपास किंवा अटॅक झालेला असेल तर डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन कधीही आपणहून बंद करू नका. काहीच झालेलं नसेल तर आपणहून सुरू करू नका, विशेषतः साठीनंतर. पोटातल्या आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका फायद्यापेक्षा जड पडतो.

बायकांना हा आजार कमी होतो ना?

उशिरा होतो, कमी नाही. पाळी थांबल्यावर एलडीएल चढतं, आणि नेमकं त्या वर्षांत घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या होतात, तिची राहते. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, मधुमेह झाला होता का, बाळ वेळेआधी झालं का, हे पंचवीस वर्षांनीही डॉक्टरांना सांगा. पुढच्या हृदयविकाराच्या धोक्याशी त्याचा संबंध आहे.

स्टेंट टाकला, आता ब्लॉकेज गेलं. बरं झालो ना?

एक जागा उघडली. आजार सगळ्या धमन्यांच्या भिंतीत आहे आणि स्टेंट त्यातल्या दोनेक सेंटिमीटरला आधार देतो. उरलेल्या लांबीचं काम गोळ्या, आहार आणि तंबाखूबंदी करतात.

छातीत दुखायला लागलं तर अॅसिडिटी आहे की अटॅक, कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही, आणि त्यात वेळ घालवू नका. छातीच्या मध्यावर दाब, जडपणा, कुणी आवळून धरल्यासारखं वाटणं, ते जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, धाप, मळमळ, यातलं काही थोड्या मिनिटांत थांबलं नाही तर अँब्युलन्स बोलवा. मधुमेही, वयस्क आणि स्त्रियांत छातीदुखी सौम्य असू शकते किंवा नसूही शकते, फक्त एकाएकी आलेला दम आणि गळाठा असतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲलर्जी नसेल आणि आपत्कालीन सेवेने सांगितलं तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्या, अख्खी गिळू नका.

चालू गोळ्यांची यादी आणि जुना ईसीजी सोबत न्या. पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो, तो काढला नाही तर मागा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी, रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते, म्हणून थांबायला सांगितलं तर बरं वाटत असलं तरी थांबा.